बोव्हेचे कॅथेड्रल दोनदा कोसळले, पण दोष उंचीचा होता का?

फ्रेंच लोकांत एक जुने बोलणे आहे. आदर्श कॅथेड्रल हवे असेल तर शार्त्रचे मनोरे, रँसचा दर्शनी भाग, आमियाँचा नेव्ह आणि बोव्हेचा क्वायर असे चार गावांतले चार तुकडे एकत्र आणावेत. पहिल्या तीन गावांत तो तुकडा सोडून बाकीचे कॅथेड्रलही शाबूत उभे आहे. बोव्हेत मात्र वेदीभोवतीचा क्वायर आणि त्याला जोडून आडवा ट्रान्सेप्ट, एवढेच आहे. भाविकांनी उभे राहायचे ते लांबलचक दालन, म्हणजे नेव्ह, कुठल्याही कॅथेड्रलचा मोठा हिस्सा असतो. बोव्हेत त्याचा जेमतेम एक तुकडा सोडला तर तो बांधलाच गेला नाही.

का बांधला गेला नाही, याचे उत्तर दोन तारखांत आहे. २९ नोव्हेंबर १२८४ रोजी क्वायरचे छत कोसळले. ३० एप्रिल १५७३ रोजी मधला मनोरा कोसळला. पहिल्या वेळी तिचे छत आणि दुसऱ्या वेळी तिचा मनोरा आपापल्या काळात सर्वांत उंच होता. त्यामुळे पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट आयतीच तयार आहे: बिशपांना हाव सुटली, आमियाँवर मात करायची म्हणून छत वर वर नेले आणि शेवटी गर्वाचे घर खाली.

ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण वास्तूकडे नीट पाहिले की ती टिकत नाही. १२८४ मध्ये छत पडले ते क्वायरच्या सरळ भागातले. पूर्वेचा अर्धगोल भाग तेवढ्याच उंचीचा होता, त्याच हातांनी बांधलेला होता, आणि तो जागचा हलला नाही. पडलेला भाग पुढे पुन्हा बांधला, तोही त्याच उंचीवर, आणि तो आजतागायत उभा आहे. उंचीच दोषी असती तर हे दोन्ही शक्य नव्हते. मग दोष कुठे होता?

चढाओढ आणि पैसा

बोव्हे हे पॅरिसच्या उत्तरेला ८० किलोमीटरच्या आत असलेले गाव, मध्ययुगात कापडाच्या व्यापारावर गबर झालेले. तिथला बिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता, तो तिथला काउंटही होता. फ्रान्सच्या राज्याभिषेकात मान असलेल्या मोजक्या सरदारांत त्याची गणना होई. अशा माणसाचे कॅथेड्रल शेजारच्या गावापेक्षा उणे असून चालणारे नव्हते.

शेजारची गावे तर झपाटल्यासारखी बांधत होती. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठात ११४० च्या दशकात टोकदार कमानींची नवी रीत आली. पुढच्या पाऊणशे वर्षांत पॅरिसच्या नोत्र-दामचे छत ३३ मीटरच्या आसपास पोचले, शार्त्रचे ३७ च्या जवळ, रँसचे ३८. १२२० मध्ये ६० किलोमीटरवरच्या आमियाँने काम काढले आणि त्यांचे छत ४२ मीटरच्या वर गेले. बोव्हेचे जुने कॅथेड्रल १२२५ मध्ये आगीत सापडले आणि बिशप मिलों द नांतय याला हवी ती संधी मिळाली.

काम जोरात सुरू झाले, पण लवकरच अडले. गावचा महापौर कोणी नेमायचा यावरून दंगल झाली, राजा नववा लुई सैन्य घेऊन गावात शिरला आणि बिशपचे राजाशी बिनसले. बिशपचे उत्पन्न अडकले, तसे बांधकामही अडकले. १२३२ ते १२३८ या काळात काम जवळपास बंद होते. पुन्हा सुरू झाले तेव्हा बिशप बदललेले, गवंडी बदललेले. कोलंबिया विद्यापीठाचे स्टीफन मरी यांनी या वास्तूचा दगड न् दगड तपासला आहे. दोन टप्प्यांमधला फरक अजूनही दिसतो असे ते दाखवतात. मधला अक्ष किंचित सरकलेला आहे, घडणीची धाटणीही वेगळी आहे. नंतरचा बिशप गियोम द ग्रे याच्या काळात मूळ आराखड्यापेक्षा सुमारे ५ मीटर उंची वाढवली गेली असे मानतात.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. खालचे खांब एका हिशोबाने बसवलेले आणि वरचे छत दुसऱ्या हिशोबाने चढवलेले. बांधकामावर उभे राहिलेल्या कोणालाही हा प्रकार परका नाही. जोते झाल्यावर मालक येतो आणि म्हणतो, एक मजला वाढवू या.

१२७२ मध्ये क्वायर पुरा झाला. जमिनीपासून छताच्या माथ्यापर्यंत सुमारे ४८ मीटर. सोळा मजल्यांची इमारत आत सहज मावेल इतकी ही मोकळी उंची, आणि वर दगडी छत.

भार जातो कुठे

पुढचे समजायला गॉथिक छताचे गणित थोडे पाहावे लागेल. मुंबईकरांना टोकदार कमान ओळखीची आहे: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. पण ते एकोणिसाव्या शतकातले पुनरुज्जीवन. तिथे गॉथिकचे रूप घेतले आहे, ४८ मीटरवर दगडी छत पेलायची जबाबदारी त्या कमानींवर नाही. बोव्हेत आहे.

दगडाला दाबलेले चालते, ताणलेले चालत नाही. म्हणून दगडी छत सपाट घालता येत नाही, कमानदार घालावे लागते. पण कमान नुसती खाली भार देत नाही, ती पाय बाहेर फाकवते. टोकदार कमान गोल कमानीपेक्षा कमी फाकते, म्हणून गॉथिक गवंड्यांना ती प्रिय. छताच्या कोपऱ्यांतून निघून एकमेकींना छेदणाऱ्या दगडी फासळ्या भार ठरावीक चार जागी आणून सोडतात. त्यामुळे मधल्या भिंतीला काही कामच उरत नाही आणि तिथे रंगीत काचेच्या मोठमोठ्या खिडक्या बसवता येतात.

पण त्या चार जागी येणारा बाहेरचा रेटा कोणीतरी अडवायला हवा. ते काम फ्लाइंग बट्रेस करतात. मुख्य भिंतीपासून सुटे, बाजूच्या दालनांच्या छपरांवरून झेप घेणारे हे दगडी हात रेटा उचलून बाहेरच्या जाड धिऱ्यांपर्यंत नेतात. धिरा जड असतो, आणि त्याच्या डोक्यावर शोभेसारखे दिसणारे दगडी शिखरही भार वाढवायलाच ठेवलेले असते. भार जितका जास्त, तितका तिरपा रेटा खाली वळतो आणि पायातून जमिनीत जातो.

बोव्हेत क्वायरच्या दोन्ही अंगांना दोन-दोन दालने आहेत, आतले उंच, बाहेरचे ठेंगणे. त्यामुळे फ्लाइंग बट्रेसला एका झेपेत बाहेर पोचता येत नाही. मध्ये एक टप्पा लागतो: दोन दालनांमधल्या खांबांच्या रांगेवर उभा केलेला एक बारीक, उंच धिरा. पहिली झेप मुख्य भिंतीपासून या मधल्या धिऱ्यापर्यंत, दुसरी तिथून बाहेरच्या धिऱ्यापर्यंत.

हा मधला धिरा खालच्या खांबाच्या बरोबर डोक्यावर नाही. तो आतल्या बाजूला सरकवलेला आहे, म्हणजे त्याचा काही भाग अधांतरी पुढे आलेला आहे. ओळंबा सोडला तर तो खांबाच्या मध्यावर पडणार नाही. गवंड्यांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. आतल्या दालनाच्या खिडक्यांना उजेड हवा, धिरा सडपातळ दिसायला हवा आणि झेपही आखूड हवी, म्हणून हे जाणूनबुजून केले होते. अंगावर घेतलेला धोका होता, आणि सरळ भागात खण, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, रुंद असल्याने प्रत्येक धिऱ्यावर येणारा वाटाही मोठा होता.

१२८४ ची रात्र

जुन्या नोंदी सांगतात त्याप्रमाणे २९ नोव्हेंबर १२८४ च्या रात्री आठच्या सुमारास क्वायरचे मोठे छत पडले, बाहेरचे काही खांब मोडले, मोठ्या काचा फुटल्या. संतांचे अवशेष ठेवलेल्या पेट्या वाचल्या. पुढची सुमारे ४० वर्षे तिथली नित्याची उपासना खंडित झाली असेही त्या नोंदींत आहे.

छत पुरे झाल्यापासून पडेपर्यंत १२ वर्षे गेली. या १२ वर्षांनी अभ्यासकांना फार छळले आहे. दगडी कमानीचे एक वैशिष्ट्य असे की सेंटरिंग काढल्यावर ती पडायची असेल तर लगेच पडते. केंब्रिजचे जाक हेमन यांनी दगडी वास्तूंच्या स्थैर्यावर आयुष्यभर काम केले. सेंटरिंग काढल्यावर पाच मिनिटे उभी राहिलेली कमान पाचशे वर्षे उभी राहील, असे ते म्हणत. मग बोव्हेचे छत १२ वर्षे उभे राहून का पडले? या काळात काहीतरी हळूहळू बदलत गेले असणार. ते काय, यावरच सगळा वाद आहे.

संशयित

पाया हा नेहमीचा पहिला संशयित. पण पुनर्बांधणीत जुने खांब तिथेच ठेवले, त्याच पायांवर तेवढेच उंच छत चढवले, आणि ते सातशे वर्षे टिकले. पाया मूळ कारण असता तर दुरुस्तीनंतरही त्याने डोके वर काढले असते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या अनेक नामांकित जुन्या वास्तूंची डागडुजी ज्याच्या हातून गेली त्या व्हियोले-ल-द्यूकने एक फार बारकाईचे स्पष्टीकरण दिले. त्यावर मात्र थांबून विचार करावा लागतो. वरच्या बाजूला मधल्या धिऱ्याजवळ गवंड्यांनी जोडीने दोन सडपातळ स्तंभिका उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्या आधाराने वर एक मोठा जड दगड ठेवला होता. स्तंभिका अखंड लांब दगडाच्या, उभ्या बसवलेल्या. मागचा धिरा मात्र थरांचा, घडीव दगडांचे एकावर एक थर आणि प्रत्येक थरामध्ये चुन्याची दर्जा, म्हणजे चुना भरलेला सांधा.

चुना हळूहळू सुकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो दगडासारखा होतो, आणि जाड बांधकामाच्या पोटात हवा पोचायला वर्षे लागतात. आपल्याकडच्या वाड्यांच्या आणि गडांच्या जुन्या भिंती ज्यांनी उकलून पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. या काळात वरच्या भाराखाली प्रत्येक दर्जा किंचित दबते. एकेक दर्जा केसभर दबली तरी डझनावारी दर्जांचा धिरा मिळून बोटभर बुटका होऊ शकतो. शेजारच्या अखंड स्तंभिकेला दर्जाच नाहीत, म्हणून ती तसूभरही खाली येत नाही. परिणाम असा की जो भार धिऱ्याने घ्यायचा तो सरकत सरकत स्तंभिकेवर येतो. एक दिवस ती मोडते. तिच्यावरचा जड दगड निराधार होऊन कलतो, फ्लाइंग बट्रेसचे बूड हलते, आणि छताचा रेटा अडवायला कोणी उरत नाही.

हेमन यांनी १९६० च्या दशकात गणित मांडून या कल्पनेला पाठिंबा दिला. १२ वर्षांचा हिशोब यात चोख बसतो, कारण चुना स्थिरावायला तेवढा वेळ लागणारच.

प्रिन्स्टनचे रॉबर्ट मार्क यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी क्वायरच्या छेदाची प्लास्टिकची छोटी प्रतिकृती केली, तिला तापवून वजने टांगली आणि ध्रुवीकृत प्रकाशात पाहिली. प्लास्टिकवर ताण येतो तिथे प्रकाशाचे पट्टे उमटतात. आज हे काम संगणक करतो, पण १९७० च्या दशकात जुन्या वास्तूंच्या अभ्यासात ही पद्धत नवी होती आणि डोळ्यांना दिसणारी होती. मार्क यांनी नुसते वास्तूचे वजन धरले नाही, वाराही धरला. इंग्लिश खाडीकडून येणारा वारा ४८ मीटर उंच भिंतीवर आणि तिच्यावरच्या उभ्या उतरत्या छपरावर आदळतो तेव्हा त्याचा रेटा किती, हे पाहिले. त्यांच्या मते वादळी वाऱ्यात मधल्या धिऱ्याच्या अंगावर ताण येत होता, आणि ताणापुढे चुन्याची दर्जा उघडते. एका वादळात केसाएवढी, दुसऱ्यात थोडी जास्त. बारा हिवाळ्यांत ती भेग पुरेशी वाढली.

या दोघांत कोण खरे? माझ्या मते हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच अवयवाकडे बोट दाखवतात: आत सरकवलेला, अधांतरी पुढे आलेला मधला धिरा. मरी यांचे संशोधन त्यात आणखी एक धागा जोडते. सरळ भागातले खण रुंद होते आणि सगळे सारखेही नव्हते. म्हणजे प्रत्येक धिऱ्याला छताचा मोठा तुकडा सांभाळावा लागत होता, आणि कोणाला किती, हेही समान नव्हते. पूर्वेच्या अर्धगोलात खांब जवळ जवळ उभे आहेत, तिथे एकेकाच्या वाट्याला कमी भार. तिथे काहीही झाले नाही.

पूर्वेचा भाग का वाचला याचे उत्तर ज्या स्पष्टीकरणात नाही ते मला अपुरे वाटते. हावेची गोष्ट या कसोटीवर पहिल्या फटक्यात बाद होते.

दुरुस्तीने दिलेले रूप

दुरुस्ती करणाऱ्यांनी रोग बरोबर ओळखला होता. त्यांनी छप्पर खाली आणले नाही. सरळ भागातल्या प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये एक नवा खांब घातला. तीन खणांचे सहा खण झाले, फ्लाइंग बट्रेसच्या जोड्या वाढल्या, प्रत्येकावरचा भार निम्म्यावर आला. छतही बदलावे लागले. आधी प्रत्येक खणात फासळ्यांनी चार भाग केले होते. आता जुन्या एका खणाच्या जागी मध्ये आणखी एक फासळी आली आणि सहा भाग झाले. सहा भागांचे छत ही शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची, नोत्र-दामच्या काळातली रीत. तोवर ती कालबाह्य झाली होती. शोभेसाठी ती कोणी निवडली नसती. खांब मध्ये आला म्हणून तिला परत यावे लागले.

आत जाऊन बाजूच्या भिंतीकडे पाहिले तर ही शस्त्रक्रिया अजून वाचता येते. नव्या अरुंद टोकदार कमानींच्या वर, दगडात बुजवलेली जुन्या रुंद कमानीची वर्तुळरेषा दिसते. तिच्या बरोबर मध्यातून नवा खांब वर गेला आहे. गवंड्यांनी जुनी कमान काढून टाकण्याचा खटाटोप केला नाही, तिच्याच पोटात दोन छोट्या कमानी बसवल्या.

गंमत अशी की लोक बोव्हेच्या क्वायरकडे पाहून जे थक्क होतात ते मुख्यतः या दुरुस्तीमुळे. मूळ क्वायर आमियाँसारखा ऐसपैस असणार. खांब दुपटीने दाट झाले, खण अरुंद झाले, आणि नजर आडवी फिरायला जागाच उरली नाही. ती सरळ वर जाते. ४८ मीटर उंची प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त भासते ती त्यामुळे.

हे काम चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालले. ते होते न होते तोच इंग्लंड-फ्रान्सचे शतकभराचे युद्ध पेटले, १३४८ मध्ये प्लेग आला, आणि नेव्हचा विषय दीडशे वर्षे कोणी काढला नाही. क्वायरचे पश्चिमेचे तोंड तात्पुरत्या भिंतीने बंद केले होते.

मनोरा

१५०० मध्ये काम पुन्हा निघाले. सान्स आणि त्र्वा या गावांच्या कॅथेड्रलांवर हात फिरवलेला नावाजलेला गवंडी मार्तँ शांबीज याला बोलावले. त्याने ट्रान्सेप्ट सुरू केला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर, १५४८ मध्ये पुरा झाला. दक्षिणेचा दर्शनी भाग म्हणजे दगडाची जाळीकाम केलेली झालर, गॉथिकच्या शेवटच्या ज्वालारूपी शैलीचा उत्तम नमुना. इटलीत तोवर गोल घुमट आणि रोमन खांबांची चलती होती. बोव्हेचे लोक मात्र जुन्याच रीतीला चिकटून होते.

इथे एक निर्णय घ्यायचा होता. हातात पैसा होता. नेव्ह बांधायचा की मनोरा? शहाणपणाचा क्रम उघड होता, कारण क्वायर आणि ट्रान्सेप्ट जिथे मिळतात तिथले चार मोठे खांब तीन बाजूंनी टेकलेले होते. पूर्वेला क्वायर, उत्तर-दक्षिणेला ट्रान्सेप्टचे हात. पश्चिमेला काहीच नाही. नेव्हचे दोन-तीन खण जरी असते तरी त्या बाजूने रेटा अडवला गेला असता.

त्यांनी मनोरा निवडला. जाँ व्हास्त याच्या देखरेखीखाली १५६० च्या दशकात खालचे मजले दगडी आणि वरचे निमुळते शिखर लाकडी, शिशाने मढवलेले, अशी रचना उभी राहिली. १५६९ मध्ये ती पुरी झाली तेव्हा टोकापर्यंतची उंची १५३ मीटर होती. त्या काळात जगात याहून उंच वास्तू नव्हती.

दोन वर्षांतच पश्चिमेचे दोन खांब रिकाम्या बाजूला कलताना दिसू लागले. राजाच्या सेवेतले गवंडी तपासणीला आले. त्यांनी काढलेला निष्कर्ष आजच्या कोणत्याही स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये शोभेल असा होता: खांबांना आधार द्या आणि पश्चिमेला नेव्हचे खण ताबडतोब बांधा. मग चर्चा झाली, पैशाचा प्रश्न आला, वेळ गेला. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १५७३ चा एप्रिल उजाडला. ३० एप्रिलला, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, मिरवणूक नुकतीच दाराबाहेर पडली होती आणि मनोरा खाली आला. कोणी दगावले नाही.

पहिल्या पडझडीबद्दल मी बांधणाऱ्यांना फारसा दोष देत नाही. ते ज्या काठावर काम करत होते तिथे त्यांच्याआधी कोणी गेलेच नव्हते आणि चुना किती दबेल हे सांगणारे शास्त्र नव्हते. दुसऱ्या वेळी तसे म्हणता येत नाही. अडचण दिसली होती, कारण कळले होते, इलाज लिहून दिला होता. फक्त क्रम चुकला होता आणि तो दुरुस्त करायला दोन वर्षे उशीर झाला. उंची इथेही मूळ कारण नाही. चारही बाजूंनी टेकलेल्या खांबांवर हाच मनोरा कदाचित टिकला असता. कदाचित म्हणतो, कारण दगडी मजल्यांचे ओझे चारही खांबांना जड जाणारेच होते.

मनोऱ्यासोबत पडलेला ट्रान्सेप्टचा भाग सावरण्यात उरलासुरला पैसा गेला. नेव्हचा जेमतेम एक खण उभा राहिला, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भिंत घालून काम कायमचे थांबवले. मनोरा पुन्हा बांधला गेला नाही.

आजची स्थिती

जून १९४० मध्ये जर्मन बॉम्बवर्षावात बोव्हेचा जुना गावठाण जवळजवळ जळून गेला. भोवतीची घरे राख झाली, कॅथेड्रल उभे राहिले. दोनदा कोसळल्याची ख्याती असलेल्या वास्तूने बॉम्ब पचवले. तिच्या सहनशक्तीबद्दल बोलताना हेही सांगायला हवे.

त्यानंतरची एक हकिकत मात्र पुन्हा जुन्या वळणाची. फ्लाइंग बट्रेसच्या धिऱ्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या लोखंडी सळया होत्या. १९६० च्या दशकात त्यांतल्या काही अनावश्यक ठरवून काढून टाकल्या. जोराच्या वाऱ्यात बट्रेस हलताना दिसू लागले तेव्हा त्या जागी नव्या पोलादी सळया घालाव्या लागल्या. सडपातळ धिरा वाऱ्यात किती झुलतो, हा मार्क यांनी पुढे प्रतिकृतीवर तपासलेला प्रश्न इथे प्रत्यक्ष वास्तूनेच विचारला होता.

ट्रान्सेप्टचे दुखणे वेगळे. पश्चिमेकडून टेकू नसल्याने तो अजूनही थोडा थोडा हलतो. १९९० च्या दशकात तिथे लाकूड आणि पोलाद यांचे भलेमोठे आडवे-तिरपे आधार बसवले. आत शिरल्यावर डोळ्यांना ते खुपतात. दर्शनाला आलेल्या माणसाला वाटते की काम चालू आहे, परांची लवकरच निघेल. तो तात्पुरता म्हणून केलेला इलाज, पण वर्षानुवर्षे तिथेच आहे. २००१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या चमूने लेसरने सगळी वास्तू मोजून तिची संगणकीय प्रतिकृती तयार केली, ती वास्तूची नेमकी मापे हाती असावीत म्हणूनच.

खरा, कायमचा इलाज १५७१ पासून सगळ्यांना माहीत आहे: पश्चिमेला नेव्हचे दोन खण. तो आता करता येत नाही, कारण त्या जागी बास-अव्हर नावाचे दहाव्या शतकातले छोटे चर्च उभे आहे, रोमन काळातल्या बांधकामाचे बारके चौकोनी दगड पुन्हा वापरून बांधलेले. नेव्ह पुढे सरकत आला असता तर ते पाडले जाणार होते, आणि त्याचा काही भाग ट्रान्सेप्टला जागा करताना गेलाही. पैसा संपला म्हणून उरलेले वाचले. आज ते स्वतःच संरक्षित वारसा आहे आणि फ्रान्समध्ये त्या काळातली इतकी चर्चे शिल्लक नाहीत की एखादे सोडून द्यावे. त्यामुळे अभियंत्यांना ट्रान्सेप्ट आतूनच सावरावा लागणार, आणि ते लाकडी-पोलादी आधार काढायचे ठरले तर त्यांच्या जागी दुसरे काहीतरी आतच बसवावे लागणार.